कंठातला घोष

कडी, खडी, गडी, घडी. दाराची कडी, रस्त्यावर पसरतात ती खडी, शेतावरचा गडी आणि धुतलेल्या कपड्याची घडी. चारही शब्द एकापाठोपाठ म्हणून पाहा. पुढचा 'अडी' सगळ्यांत तोच आहे, आणि पहिल्या अक्षराला जीभ मागे ज्या जागी टाळूला टेकते ती जागाही चारही वेळा तीच. तरी भर एसटी स्टँडच्या गलक्यातसुद्धा मराठी माणूस गडीच्या जागी कडी ऐकत नाही. जीभ एकाच ठिकाणी टेकत असताना चार वेगळे शब्द होतात, कारण त्यांच्यातला फरक तोंडात होतच नाही. तो होतो त्याच्या खाली, गळ्यात.

कंठमण्यावर दोन बोटं हलकेच टेकवून लांब 'स्स्स्' म्हणा. बोटांना काही जाणवणार नाही. मग भुंग्याची नक्कल करत लांब 'झ्झ्झ्' म्हणा. बोटांखाली थरथर सुरू होते. या थरथरीलाच आपले जुने वैयाकरण घोष म्हणत. ती असेल तर वर्ण घोष, नसेल तर अघोष. सगळे स्वर घोष असतात. व्यंजनांत ग, घ, ज, झ, द, ध, ब, भ हे घोष, तर क, ख, च, छ, त, थ, प, फ हे अघोष. म, न, य, र, ल, व हेही घोषच. बोलताना ही थरथर क्षणाक्षणाला सुरू होते, थांबते, पुन्हा सुरू होते. गाताना मात्र ती होईल तेवढी अखंड ठेवायची असते. बोलण्यासाठी घोष तोडावा लागतो आणि गाण्यासाठी तो धरून ठेवावा लागतो, हे ध्यानात घेतलं की भाषा, गाणं आणि लिपी यांच्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. हे प्रकरण त्याबद्दल आहे.

ही थरथर होते कशी? श्वासनळीच्या वरच्या तोंडाशी स्वरयंत्र असतं. त्यात समोरून मागे गेलेल्या दोन मऊ घड्या असतात, त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. नुसता श्वास चालू असतो तेव्हा त्या मागच्या टोकाला एकमेकींपासून दूर असतात आणि मध्ये त्रिकोणी फट उघडी राहते. घोष काढायचा झाला की त्या जवळ येतात आणि फट मिटते. खालून फुप्फुसांतली हवा दाब देते, दाब पुरेसा झाला की घड्या विलग होतात, हवेचा एक छोटा झोत निसटतो, आणि घड्या आपल्या लवचिकपणामुळे पुन्हा मिटतात. फुगवलेल्या फुग्याचं तोंड दोन बाजूंनी ताणून हवा सोडली की चिरका आवाज निघतो, तो याच न्यायाने. प्रौढ पुरुष सर्वसाधारण बोलत असताना हे उघडणं-मिटणं सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा होतं, बाईच्या गळ्यात दोनशेच्या आसपास, लहान मुलाच्या गळ्यात तीनशेच्या आसपास. मुलगा वयात येताना स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, कंपनं कमी होतात. तेव्हाच त्याचा कंठ फुटतो.

प्रत्येक कंपनासाठी मेंदूकडून वेगळा हुकूम येतो, असं फ्रान्सचे राऊल युसाँ १९५० च्या सुमारास सांगत होते. पण पाश्चात्त्य ऑपेरातली गायिका वरच्या सुरावर गेली की तिचे स्वरतंतू सेकंदाला हजाराहून जास्त वेळा हलतात, आणि मज्जातंतूंना इतक्या वेगाने हुकूम सोडणं झेपत नाही. १९५८ साली हॉलंडच्या यानविलेम फान डेन बेर्ख यांनी हवेचा दाब आणि स्नायूंचा लवचिकपणा यांच्या जोरावर पूर्ण खुलासा दिला, आणि आजही पाया तोच मानला जातो. स्नायू घड्यांना जवळ आणतात आणि ताण देतात, बाकीचं काम हवा करते.

हा प्रकार जिवंत माणसाच्या गळ्यात नीट पाहून त्याची नोंद करणारा माणूस डॉक्टर नव्हता, गाण्याचा मास्तर होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. मानुएल गार्सिया हे त्यांचं नाव, जन्म १८०५ चा, स्पेनमधला. स्वीडनची पुढे जगप्रसिद्ध झालेली गायिका येनी लिंड तरुणपणी आवाज बसलेल्या अवस्थेत त्यांच्याकडे पॅरिसला आली, तेव्हा त्यांनी तिला आधी काही आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवायला लावलं आणि मगच शिकवायला घेतलं. शिष्यांच्या गळ्यात नेमकं काय होतं हे पाहायची त्यांना तळमळ होती. १८५४ साली त्यांनी दंतवैद्य वापरतात तसा लांब दांड्याचा छोटा आरसा घेतला, वाफ धरू नये म्हणून गरम पाण्यात बुडवला, आणि पडजिभेला टेकवून घशात धरला. दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर सूर्याचं ऊन पाडलं. छोट्या आरशात त्यांना स्वतःचं उघडं स्वरयंत्र दिसलं. मग त्यांनी सूर लावला, आणि दोन घड्या जवळ येऊन मिटताना पाहिल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांचा निबंध वाचला गेला. नाक-कान-घसा तज्ज्ञ आजही घसा तपासायला लांब दांड्याचा आरसा हाती घेतात, तेव्हा ते या गायकाची पद्धत वापरत असतात. गार्सिया १०१ वर्षं जगले.

आरशाशिवायही ही गोष्ट फार आधी ओळखली गेली होती. वेदांचे उच्चार पिढ्यान्पिढ्या बिघडू नयेत म्हणून जे ग्रंथ रचले गेले त्यांना प्रातिशाख्य म्हणतात. त्यांतल्या तैत्तिरीय प्रातिशाख्यात कंठाच्या तीन अवस्था सांगितल्या आहेत. कंठ मिटलेला असेल तर नाद, उघडा असेल तर श्वास, आणि दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार. युरोपातले भाषापंडित त्यानंतरही अनेक शतकं 'प' आणि 'ब' यांच्यातला फरक कठोर-मृदू अशा मोघम शब्दांत सांगत होते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन पंडित विल्यम व्हिटनी यांनी प्रातिशाख्यं इंग्रजीत आणली. तैत्तिरीय प्रातिशाख्याची त्यांची आवृत्ती १८७१ ची. पुढे १९५३ साली इंग्लंडमधले सिडनी ॲलन यांनी प्राचीन भारतातल्या ध्वनिविचारावर पुस्तक लिहिलं आणि पाश्चात्त्य पंडितांवरचं हे ऋण मोकळेपणाने मान्य केलं.

प्रातिशाख्यातल्या त्या मधल्या अवस्थेकडे मराठी माणसाने विशेष लक्ष द्यायला हवं. घडीतला 'घ' उच्चारताना स्वरतंतू थरथरत असतात, पण ते पुरते मिटलेले नसतात आणि हवा बरीच निसटत असते. ग आणि ह एकापुढे एक ठेवून हा आवाज होत नाही, घोष आणि श्वास दोन्ही एकाच वेळी चालतात. युरोपातल्या मोठ्या भाषांत असा वर्ण नाही. मराठी त्याच्याही पुढे जाते. म्हैस, न्हाणं, व्हायचं, कोल्हा, गिऱ्हाईक, कण्हणं या शब्दांत आपण म, न, व, ल, र, ण हेसुद्धा तसेच श्वासमिश्रित करतो. नाणं आणि न्हाणं यांत दुसरा काहीच फरक नाही.

हे फरक पुढे मोजलेही गेले. १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्किन्स प्रयोगशाळेशी संबंधित ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी ११ भाषांमधली व्यंजनं मोजली. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून घोष सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, एवढंच त्यांनी मोजलं. या ११ भाषांत मराठी होती. मराठी 'ब' मध्ये ओठ उघडण्याच्या सुमारे १०० मिलिसेकंद आधीच घोष सुरू झालेला असतो. मराठी 'प' मध्ये ओठ सुटताक्षणी सुरू होतो. इंग्रजी 'प' मध्ये मात्र ओठ सुटल्यावर ६० मिलिसेकंदांच्या आसपास नुसती हवा जाते आणि मग घोष येतो, तर इंग्रजी 'ब' मध्ये तो बहुधा ओठ सुटतानाच येतो. म्हणजे इंग्रजांचा 'ब' मोजपट्टीवर आपल्या 'प' च्या जागी बसतो. आपल्याकडचा माणूस लंडनच्या दुकानात 'पिन' मागतो आणि समोरच्याला 'बिन' ऐकू येतं, त्याचं कारण हे. ११ भाषांत ही एक मोजपट्टी बहुतेक सगळीकडे पुरली. ती अपुरी पडली हिंदी-मराठीतल्या ग आणि घ, ब आणि भ यांना वेगळं काढताना. तिथे वेळ मोजून भागत नाही, घोष कसा आहे हेच पाहावं लागतं. प्रातिशाख्यकारांनी नेमकं तेच पाहिलं होतं.

तान्ह्या बाळालाही घोष-अघोषातला फरक कळतो. पीटर आयमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली एक आणि चार महिन्यांच्या बाळांना चोखणी दिली आणि 'बा' आणि 'पा' असे आवाज ऐकवले. तोच आवाज ऐकून कंटाळलेलं बाळ मंदपणे चोखतं, आवाज बदलला की पुन्हा जोराने चोखू लागतं. घोष सुरू होण्याच्या वेळेत २० मिलिसेकंदांचा फरक, तोही 'बा' आणि 'पा' च्या सीमेवरचा असेल, तर बाळं चमकून जोरात चोखू लागत. तेवढाच फरक सीमेच्या एकाच बाजूला असेल तर त्यांना विशेष काही वाटत नसे.

घोष पुरता काढून टाकला तर काय होतं, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. देवघरात कुणी जप करत असताना किंवा बाळ झोपलेलं असताना आपण कुजबुजतो. कुजबुजताना स्वरतंतू हलत नाहीत. तरी बोललेलं समजतं, कारण शब्दांचा बराचसा आकार जीभ आणि ओठ घडवतात. मात्र कुजबुजीत कडी आणि गडी सहज मिसळतात, 'तू उद्या जाणार' हे विधान आहे की प्रश्न हे कळायला चेहरा पाहावा लागतो, आणि गाणं तर कुजबुजत गाताच येत नाही. सूर चढतो-उतरतो तो घोषाचा. घोषच नसेल तर चढायला-उतरायला काही उरत नाही.

या चढउताराला भरताच्या नाट्यशास्त्रात काकु म्हटलं आहे. शब्द तेच ठेवून नुसत्या सुराने अर्थ फिरवायचा. आपल्या रोजच्या बोलण्यात काकु इतकी मुरलेली आहे की कधीकधी शब्दांचीही गरज लागत नाही. 'हं' एवढंच घ्या. खालच्या सुरात तोडून म्हटलं की होकार. शेवट वर नेला की 'काय म्हणालास?' लांबवून खाली आणलं की 'असं आहे होय!' मध्ये हेलकावा दिला की संशय. आईने दात आवळून मुलाकडे पाहत काढलं की धाक. आणि 'अंहं' म्हणून मध्ये तोडलं की साफ नकार. आजी गोष्ट सांगायची तेव्हा ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा ही रीतच होती. हुंकार थांबला की पोरगं झोपलं. यांतल्या एकालाही कोशात नीटसा अर्थ नाही, तरी मराठी घरात वाढलेल्याला एकाचाही अर्थ चुकत नाही. शेताच्या या टोकाहून त्या टोकाला दिलेली हाळी, डोंगराच्या दोन कड्यांवरून गुराख्यांनी घातलेला कुकारा, कीर्तनातली ललकारी, हे सगळं याच घरातलं. कुकाऱ्यात शब्द नसतो, कारण व्यंजनं इतक्या लांब पोचतच नाहीत. पोचतो तो घोष.

यंत्राला बोलायला शिकवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा हीच विभागणी समोर आली. १९३९ च्या न्यूयॉर्कमधल्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेच्या होमर डडली यांनी 'व्होडर' नावाचं यंत्र मांडलं. एक तरुणी त्याच्यापुढे बसे आणि हाताने बोलणं वाजवी. मनगटाखाली एक पट्टी होती. एका स्थितीत यंत्र गुणगुणे, म्हणजे घोष, आणि दुसऱ्या स्थितीत फुसफुसे, म्हणजे अघोष. दहा बोटांखालच्या कळा त्या आवाजाला स्वराव्यंजनांचा आकार देत. पायाखाली पेडल होतं, ते सूर वर-खाली करी. हे वाजवायला शिकायला सुमारे एक वर्ष लागे, आणि एका छोट्याशा वाक्यातही मनगट कितीतरी वेळा हलवावं लागे. प्रेक्षकांपुढचा एक गाजलेला प्रयोग पेडलचा होता. 'तिने मला पाहिलं' अशा अर्थाचं तीन शब्दांचं वाक्य ती तरुणी यंत्राकडून पुनःपुन्हा म्हणवून घेई. कुणी पाहिलं, कुणाला पाहिलं, काय केलं, असा प्रश्न बदलला की त्या त्या शब्दावर जोर येई, आणि शब्द तेच राहत. यंत्राला काकु पायाने आली म्हणायची.

तुमच्या मोबाइलमधल्या आवाजामागेही हेच तत्त्व आहे. कानपुरात जन्मलेले बिष्णू अटल यांनी बेल प्रयोगशाळेत काम करताना, १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून, बोलण्यातला स्रोत आणि तोंडाचा आकार वेगवेगळे काढून थोडक्या आकड्यांत पाठवायच्या पद्धती घडवल्या. फोनवरच्या संभाषणाचा पाया त्यांत आहे. घशाच्या कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढावं लागलेला माणूसही याच विभागणीच्या आधारावर पुन्हा बोलू लागतो. गळ्याला बाहेरून टेकवायचं विजेवरचं छोटं उपकरण घोष पुरवतं, जीभ आणि ओठ आपलं काम पूर्वीसारखंच करतात. शब्द कळतात. पण साध्या उपकरणाचा सूर एकाच उंचीवर राहतो, आणि घरच्या माणसांना चुकल्यासारखं वाटतं ते सुराचं, शब्दांचं नव्हे.

आता गाण्याकडे. आपल्याकडे गाणं शिकताना पहिल्या दिवसापासून आकार असतो. तानपुरा लावायचा, पट्टी ठरवायची आणि 'आ' वर सूर धरायचा. पुरुषाने काळी एक घेतली तर त्याच्या मध्यसप्तकातल्या षड्जावर स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा मिटतात, बाईने काळी चार घेतली तर सुमारे २०८ वेळा, आणि तारषड्जावर बरोबर दुप्पट. सकाळी खर्ज साधताना हाच आकडा निम्मा होतो. खर्जात आवाज फाटू न देता घोष सावकाश आणि एकसारखा ठेवणं फार कठीण असतं.

'आ' च का? स्वर बदलतो तो तोंडाच्या पोकळीच्या आकाराने. घोषात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनंही असतात. त्यांतली जी तोंडाच्या पोकळीशी जुळतात ती जोरकस होतात, आणि त्यावरून कान 'आ' की 'ई' हे ठरवतो. 'ई' आणि 'ऊ' ची सगळ्यांत खालची घुमण्याची जागा ३०० कंपनांच्या आसपास असते, 'आ' ची ७०० च्या आसपास किंवा त्याहून वर. काळी चारच्या गायिकेचा तारषड्जच ४१५ चा असतो. त्या सुरावर 'ई' च्या खालच्या जागेला भिडायला कंपन मिळतच नाही, 'आ' ला अजून भरपूर मिळतं. म्हणून वरच्या सुरांत चिजेतला 'ई' गायिकेच्या तोंडी 'ए' कडे किंवा 'आ' कडे झुकतो. श्रोते त्याला उच्चारदोष म्हणतात तेव्हा मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. अति उंच सुरांवर स्वरांचा फरक राखणं गळ्याच्या हातात नसतं.

जयपूर-अत्रौली घराण्यात हा खुला आकार फार कसाने जपला गेला. या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूरच्या दरबारात होते, आणि गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर त्यांच्या शिष्या. केसरबाईंची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली की तीनही सप्तकांत आवाजाची जाडी आणि गोलाई तशीच राहिलेली ऐकू येते. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी सरगमेला मैफलीत मान दिला. ध्रुपदिये आलापीत नोम्-तोम् ची अक्षरं घेतात, तराण्यात तना, देरेना येतं. पाश्चात्त्य संगीतातही रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांची 'व्होकालीझ' ही रचना पूर्णपणे बिनशब्दांची आहे. या सगळ्यांत व्यंजन आलंच तर ठोक्यापुरतं येतं आणि घोष पुढे चालू राहतो.

गाणं घोषाला किती धरून असतं, हे मराठी शब्दांच्या शेवटाकडे पाहिलं की कळतं. बोलताना आपण 'घर', 'राम', 'पाऊस' यांच्या शेवटचा 'अ' गिळतो. लिपीत तो असतो, जिभेवर नसतो. पण अक्षरगणवृत्तातला श्लोक म्हणताना किंवा अभंग गाताना तो परत येतो आणि पुरी मात्रा घेतो. फ्रेंचांचंही तसंच आहे. बोलताना जो शेवटचा 'ए' ते उच्चारत नाहीत तो गाण्यात म्हणतात. त्यांच्या 'फ्रेर जाक' या बालगीताच्या नावातलाच मुका स्वर गाताना स्पष्ट ऐकू येतो. बोलणं ज्याला अनावश्यक म्हणून टाकतं तोच स्वर गाणं परत मागतं.

आणि एका भाषेने व्यंजनंच इतकी टाकली की ती गाण्याची भाषा ठरली. ती आपल्या मराठीची पूर्वज, महाराष्ट्री प्राकृत. संस्कृतातल्या 'लता' चं शौरसेनी या दुसऱ्या प्राकृतात 'लदा' झालं. दोन स्वरांच्या मधला अघोष 'त' शेजाऱ्यांच्या घोषात ओढला गेला आणि 'द' झाला. महाराष्ट्रीने तो 'द' ही सोडला आणि 'लआ' ठेवलं. लोक चं लोअ, नगर चं णअर, आणि प्राकृत या शब्दाचं पाउअ. परिणामी 'कइ' म्हणजे कति, कवि, कपि किंवा कृति यांपैकी काहीही, आणि 'मअ' म्हणजे मत, मद, मय, मृग किंवा मृत. फरक दाखवणारी व्यंजनांची तोड निघून गेल्यावर अर्थ एकमेकांत मिसळणारच. पण त्याच कारणाने ही भाषा गळ्याला सोपी झाली. संस्कृत नाटकांत संकेत असा की नायिका बोलते शौरसेनीत आणि गाते महाराष्ट्रीत. शाकुंतलाच्या सुरुवातीला नटी जे गाते तेही महाराष्ट्रीतच आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावरची गाथासप्तशती याच भाषेतली. दंडीने सगळ्या प्राकृतांत तिला श्रेष्ठ म्हटलं.

त्या झिजेच्या खुणा आपण रोज उच्चारतो. माता ची माय, पाद चा पाय, सूची ची सुई. अमळनेर, पारनेर, जामनेर यांतलं 'नेर' म्हणजे मधला 'ग' गळालेलं नगर. मराठीने पुढे संस्कृतातून 'नगर', 'माता', 'कवी' पुन्हा उचलून घेतले आणि तोड परत मिळवली. गाण्यासाठी एक आणि कामकाजासाठी एक अशी दुहेरी शिदोरी त्यामुळे आपल्याकडे राहिली. 'माता' भाषणात येते, 'माय' ओवीत.

लिपीचा प्रश्न इथेच येतो. लिहून ठेवायचं ते काय, तोड की घोष? हिब्रूची २२ अक्षरं सगळी व्यंजनांची. स्वर वाचणाऱ्याने आपल्या भाषेच्या ज्ञानावरून घालायचे. भाषा घरात बोलली जात होती तोवर हे चाललं. ती फक्त प्रार्थनेत उरली तेव्हा उच्चार हरवतील ही भीती निर्माण झाली, आणि सातव्या ते दहाव्या शतकांत तिबेरियस गावच्या मसोरेत म्हणवल्या जाणाऱ्या विद्वानांनी अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा घालून स्वर नोंदवले. त्यांनी तेवढ्यावर न थांबता पठणाचे सूर दाखवणाऱ्या खुणाही घातल्या. स्वर आणि सूर एकाच हाताने, एकाच पानावर लिहिले गेले. संपूर्ण हिब्रू बायबलची अशी सर्वांत जुनी हस्तप्रत १००८ सालच्या सुमाराची आहे. ज्यूंच्या सिनेगॉगमध्ये वाचतात त्या तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीवर मात्र आजही ना स्वर असतात ना सूर. वाचणारा ते आधी पाठ करून उभा राहतो. कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने हे हिब्रू पठण सांभाळलं आणि त्याच्या जोडीला मराठीही. त्यांचा हग्गादा हा धार्मिक पठणाचा ग्रंथ मराठी भाषांतरासह १८७४ साली पुण्यात छापला गेला, आणि बायबलातल्या कथांवर ते मराठी कीर्तनंही करत.

देवनागरीत असा प्रश्न येत नाही, कारण प्रत्येक व्यंजनाच्या चिन्हातच 'अ' बसवलेला असतो आणि तो काढायला वेगळी खूण लागते. मोडीत मात्र ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद पाळत नसत आणि शब्दही सलग लिहीत. हिशेब आणि पत्रं लिहिणाऱ्या कारकुनाला वेग हवा होता, आणि वाचणारा संदर्भाने समजून घेई. पण देवनागरी असो की हिब्रू ठिपके, कुठल्याही लिपीत घोषाचा पोत, त्याचा घुमारा, काकु आणि हुंकार उतरत नाहीत. 'हं' हे अक्षर लिहिलं की त्याचे सगळे अर्थ सपाट होतात.

ते टिपायला ध्वनिमुद्रणच लागतं. १९७७ साली अवकाशात गेलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. तिच्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत, त्यांत एक मराठीतली. त्याच तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. बोललेली मराठी आणि गायलेला आकार दोन्ही सोबत गेले आहेत.

इथे जमिनीवर मात्र बरंच काही नोंदलं जायचं राहून गेलं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांतल्या काही हजार ध्वनिमुद्रितही केल्या. लिहिलेली ओवी वाचायची आणि मग तीच ऐकायची, एवढं एकदा करून पाहा. कागदावर दोन ओळी असतात. ऐकताना तिच्यात जागोजागी 'गं' येतो, 'बाई' येते, ओळीचा शेवटचा स्वर जात्याच्या फेऱ्याबरोबर लांबतो, दम घ्यायला बाई थांबते ती नेमक्या जागी थांबते.

जात्यावर दळलेल्या बायका आता ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात, शेजारात, गावी अशी कुणी असेल तर ओव्या नुसत्या वहीत उतरवून घेऊ नका. मोबाइल हातभर अंतरावर ठेवा, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि गाऊ द्या. मध्ये अर्थ विचारू नका, तो नंतर विचारता येतो. शब्द चुकला तर सुधारू नका. 'गं', 'बाई', खोकला, हुंकार, मध्येच सुनेला मारलेली हाक, काही कापू नका. शेवटी त्यांचं नाव, गाव, माहेर आणि तारीख त्यांच्याच आवाजात घ्या, आणि त्याच्या दोन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवा.